मेण लावायचे दिवस

काल सकाळी दार उघडलं तर पोर्चभर काजळीच्या काड्या पडल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असणार. केर काढायच्या आधी मी गाडीकडे पाहिलं. हिरव्या बॉनेटवरही दहा-बारा काड्या अलगद येऊन बसल्या होत्या. हात पुसायला पुढे गेला आणि आपोआप थांबला. मी वाकून गाल फुगवले आणि फुंकर मारली. काड्या उडाल्या.

आतून आवाज आला, "फुकलीस का पुसलीस?"

"फुंकली, आबा."

"मग बरं."

आमच्याकडे थंडी आल्याची वर्दी अशी मिळते. शेजारी स्वेटर निघतात, आमच्याकडे वॅक्सचा डबा निघतो. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असतो, मेण लावता लावता वाळून जातं. पावसाळ्याच्या दमट हवेत ते धुरकट होऊन बसतं. पौष आणि माघ हेच त्याचे दिवस. सकाळी सात ते साडेनऊ पत्रा गार असतो, ऊन कुंपणापर्यंतच आलेलं असतं, आणि रस्त्यावरून कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांमागं उसाचा गोडसर ओला वास रेंगाळत असतो. त्या वासात मेणाचा वास मिसळला की मला तीन वर्षांपूर्वीची थंडी आठवते. सत्तावीस वर्षं ज्या घरात राहिले, त्या घराशी माझी खरी ओळख त्या थंडीत झाली.

आबा म्हणजे माझे सासरे. लष्करात ड्रायव्हर होते. साहेबांची गाडी चालवायची आणि इन्स्पेक्शनच्या आधी ती अशी चमकवायची, की साहेबांनी दारात बघून टोपी सरळ करावी. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी लिलावात ही ॲम्बॅसेडर घेतली, सांगलीतल्या एका पेंटरकडून काचेच्या बाटलीसारख्या गडद हिरव्या रंगात रंगवून घेतली आणि वीस वर्षं भाड्यानं चालवली. मिरजेच्या दवाखान्यांत पेशंट नेले, तासगावच्या बागाईतदारांच्या नवऱ्या सासरी पोचवल्या. पुढे माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, आग्रह धरला आणि भाडी थांबली, पण गाडी राहिली. दर रविवारी आबा ती धुवायचे, पुसायचे, आणि आत येऊन सासूबाईंना सांगायचे, "आज बघ कशी नवी दिसतीया." सासूबाई चहा पुढे करायच्या. त्या गेल्यावर हे वाक्य माझ्या वाट्याला आलं, आणि चहाही.

गाडी नवी दिसत नव्हती. टपावर रंग विटून खडूसारखा पांढुरका झाला होता. आबा ज्या फडक्यानं पुसत त्यातल्या धुळीनंच बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे पडले होते. सुधीरला ते दिसत होतं, मला दिसत होतं, दूधवाल्यालाही दिसत असणार. आबांना दिसत नव्हतं. आणि रविवारी सकाळी फडकं पिळून आत येतानाचा त्यांचा चेहरा इतका निवांत असायचा, की सांगणार कोण?

त्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि एकोणऐंशी वर्षांचा माणूस यात्रेला आल्यासारखा बघायला लागला. नर्सच्या बांगड्यांवरची नक्षी बघितली. डॉक्टरांच्या शर्टाचं तुटलेलं बटण त्यांना दाखवलं. परतीच्या रस्त्यात रिक्षात बसल्या बसल्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, केस लय पांढरं झालं की गं तुजं!"

"तुम्हालाच आज दिसले, आबा," मी म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

फाटक उघडून रिक्षा आत आली आणि हसू तिथंच थांबलं. पोर्चमध्ये सकाळचं तिरपं ऊन गाडीवर पडलं होतं. आबा खाली उतरले. काळा चष्मा कपाळावर सारून गाडीसमोर उभे राहिले.

"गाडीला काय झालं?"

"काही नाही, आबा. तशीच आहे," सुधीर म्हणाला.

"कवापास्नं?"

सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलींना दर वर्षी फळ्यावर डोळा काढून दाखवते. भिंग कसं गढूळ होतं, रंग कसे पिवळट दिसायला लागतात, सगळं सांगते. आणि घरात मात्र त्या गढूळ भिंगापुढे रविवारमागून रविवार चहाचा कप धरून "हो, छान दिसते" म्हणत आले होते.

"सात-आठ वर्षं झाली असतील," मी म्हणाले.

आबा आत गेले. त्या दिवशी जेवताना त्यांनी मान वर केली नाही.

पुढचे चार-पाच दिवस मी एक विचित्र गोष्ट पाहत होते. आबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायचे, एक डोळा हातानं झाकायचे, गाडी बघायचे. मग हात दुसऱ्या डोळ्यावर न्यायचे आणि पुन्हा बघायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्या जुन्या डोळ्यानं झ्याक दिसती. पिवळं-पिवळं, सांजचं ऊन पडल्यागत. नव्या डोळ्यानं बघवत न्हाई." मग थोड्या वेळानं, "डावा डोळा करायचा न्हाई मला. डॉक्टरास्नी सांगून टाका. एक डोळा ऱ्हाऊ दे गाडी बघायला."

आम्हाला आधी ती थट्टा वाटली. पण सुधीरनं डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या, पाच आठवड्यांनंतरच्या तारखेचा विषय काढला तेव्हा आबा ताडकन म्हणाले, "एकदा सांगितलं ना. न्हाई म्हंजी न्हाई." डॉक्टर सांगत होते की डावा मोतीबिंदू पिकत आलाय, जास्त थांबू नका. सुधीर समजावून थकला. रंगाऱ्याकडून गाडी नव्यानं रंगवून आणू म्हणाला, तर आबा आणखी चिडले. "ह्यो रंग खरवडून काढनार तुमी? तीस वर्सं जपलाय म्या."

मला त्या रात्री झोप आली नाही असं काही झालं नाही. दिवसभर शाळा केल्यावर मला झोप येतेच. पण सकाळी उठल्यावर एक गोष्ट डोक्यात अगदी स्वच्छ होती. चहा घेऊन मी आबांपुढे बसले.

"मला शिकवा. मी घासते गाडी."

"तू?" त्यांनी मला नव्या डोळ्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ते काय भाकरी थापल्यागत सोपं न्हाई."

"भाकरी सोपी असते? उद्या तुम्ही थापून दाखवा."

आबा कितीतरी दिवसांनी हसले. "बरं. पर म्या सांगीन तसं. आर्मीचं काम हाय हे. गडबड चालायची न्हाई."

डॉक्टरांनी त्यांना धुळीत जायला, वाकायला, पाण्याजवळ जायला मनाई केली होती. म्हणून खुर्ची पोर्चच्या टोकाला, काळा चष्मा डोळ्यावर, हातात काठी. काठी चालायला नव्हतीच, दाखवायला होती. पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. फडकं आधी नुसत्या पाण्यात खळबळायचं, धूळ तिथं सोडायची, मगच साबणात बुडवायचं. वरून खाली यायचं, खालून वर जायचं नाही. सुकल्यावर आबांनी मला प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात मोज्यासारखी घालायला सांगितली आणि पत्र्यावरून तळवा फिरवायला लावला. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागला. मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं.

"डोळ्यावर भरवसा ठेवू नगं," आबा म्हणाले. "डोळं फशिवत्यात. हात खरं सांगतो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर जरा थांबले.

मग घासण्याचं मलम आलं. सुधीरच्या बनियनचे तुकडे केले, शिवण कापून टाकली, कारण शिवणीचा दोराही चरा पाडतो. तळहाताएवढी जागा घ्यायची, तेवढीच घासायची, सरळ रेषेत, गोल गोल नाही. टपाच्या कोपऱ्यावर मी पहिला हात मारला आणि फडकं उलटून पाहिलं तर हिरवंगार.

"आबा, रंग निघतोय!"

"निघू दे. मेल्याला रंग निघतोय. जित्ता खाली हाय."

मी घाबरत घाबरत आणखी दहा-बारा वेळा हात फिरवला, स्वच्छ फडक्यानं पुसलं. खडूसारख्या त्या पांढुरक्या टपावर तळहाताएवढी एक ओली वाटावी अशी गडद हिरवी जागा उमटली होती. तिच्यात आंब्याची फांदी दिसत होती, आणि फांदीमागं आभाळ.

त्यानंतर मला चटकच लागली. शाळा अकराला. सकाळी सातला मी पोर्चमध्ये असायची. टप चार दिवसांत झाला, डिकी दोन दिवसांत. खांदे भरून यायचे, नखांत हिरवा रंग बसायचा. वर्गात मुली विचारायच्या, बाई, मेंदी लावली का? आबा एरवी माझ्याशी कामापुरतं बोलायचे: चहा, औषध, लाइटचं बिल. आता काठीनं जागा दाखवता दाखवता त्यांच्या बोलण्यातून जुनी माणसं निघायला लागली. मागच्या डाव्या दाराच्या मुठीखाली चंद्रकोरीसारखे पुष्कळ बारीक ओरखडे होते. बायकांच्या बांगड्यांचे. आबा सांगत होते, बाळंतिणी, नवऱ्या, पोरगं दवाखान्यात ठेवून घरी परतणारी एक आई, जी तासगाव येईपर्यंत खिडकीतून हात बाहेर काढून मूठ धरून बसली होती आणि उतरताना तिला ती सोडवेना. माझा हात थांबला.

"हे ओरखडे राहू देऊ का, आबा? आठवण म्हणून?"

"कशाला? आठवन डोस्क्यात ऱ्हाती. पत्र्यावर नुसतं चरं. घास."

मी घासले.

तिसऱ्या आठवड्यात बॉनेट घेतलं. बॉनेटच्या मधोमध उंचवट्याची एक धार जाते. धारेवर रंग नेहमी पातळ असतो, म्हणून तिथं आधी चिकटपट्टी लावायची, हे आबांनी मला तीनदा सांगितलं होतं. त्या दिवशी शाळेत लवकर जायचं होतं. पट्टी निघून आली ती मी परत लावली नाही. फडकं उलटलं तेव्हा हिरव्याऐवजी तांबूस दिसलं. धारेवर चिंचोक्याएवढा रंग पार गेला होता आणि खालचं तांबडं अस्तर उघडं पडलं होतं; आबा याला रंग जळणं म्हणत.

आबा खुर्चीत डुलकी घेत होते.

मी आत जाऊन सुधीरला हळूच बोलावलं. त्यानं पाहिलं, मान हलवली. "एवढं काय त्यात? संध्याकाळी त्याच रंगाची डबी आणतो, टच मारू. त्यांना कळायचंही नाही. सांगू नकोस उगाच."

"सुधीर," मी म्हणाले, "हेच म्हणत म्हणत आपण आठ वर्षं काढली."

मी आबांच्या खांद्याला हात लावला. "आबा, माझ्या हातून रंग जळला. धारेवर. पट्टी लावली नव्हती."

ते उठले. बॉनेटपाशी आले, चष्मा काढला, वाकायचं नाही म्हणून ताठ उभं राहूनच मान तिरकी करून पाहिलं. मला वाटलं आता काठी खाली टाकून आत जातील, आणि डाव्या डोळ्याचा विषय कायमचा संपेल. ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि मला बोलावलं. मागच्या उजव्या मडगार्डच्या वाकणावर काठीचं टोक टेकवून म्हणाले, "हितं म्यापन जाळला हुता. गाडी आनली त्याच साली. ब्रशनं रंग मारला आन् तुज्या सासूला बोललोबी न्हाई. कुनाला म्हंजी कुनाला कळलं न्हाई." मग ते त्या जागेकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. तिथं रुपयाएवढा ठिपका होता, बाकी गाडीपेक्षा चांगलाच फिका. "आयला. ह्यो तर लांबनं दिसतोय की!"

"पहिल्या दिवसापासून दिसतोय, आबा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून."

"मग तुज्या सासूलाबी..."

"त्यांनीच मला दाखवला होता. म्हणाल्या, ह्यांना बोलू नकोस."

आबा मोठ्यानं हसले. हसता हसता खुर्चीत येऊन बसले, आणि मग हसू ओसरलं. "सूनबाई, एक सांगू? म्हातारपन आलं म्हनून म्या सुदीरच्या हातात चावी दिली. रस्ता दिसंना, समोरच्या गाडीचा लाइट फुटल्यागत दिसाया लागला. म्हनलं, संपलं आपलं. ते म्हातारपन न्हवतं. मोतीबिंदू हुता. कुनी तवाच म्हनलं असतं ना, आबा तुमाला गाडीवरचं चरं दिसत न्हाईत, तर म्या तवाच मिरजंला गेलो असतो."

आम्ही त्यांचं मन राखत होतो असं इतकी वर्षं समजत आलो, आणि त्या राखण्यात त्यांची सात-आठ वर्षं धुक्यात गेली. माया करायची सोपी रीत आम्ही उचलली होती. चहाचा कप पुढे करायचा आणि हो म्हणायचं. "चुकलंच आमचं," मी म्हणाले.

"आज सांगितलंस न्हवं. आता काडी घे."

मग पाच दिवस रोज सकाळी मी काडेपेटीच्या काडीच्या टोकानं त्या चिंचोक्यावर सुधीरनं आणलेल्या रंगाचा एकेक थेंब ठेवला. थेंब सुकला की दुसऱ्या दिवशी पुढचा. सहाव्या दिवशी तो घासून सपाट केला. बघायला गेलं तर दिसतो. आजही दिसतो.

सगळ्यात शेवटी मेण. इतक्या मेहनतीनंतर मला वाटलं होतं चांगलं थापून लावायचं असेल. आबा म्हणाले, मेण लावल्यालं दिसलं म्हंजी ज्यास्ती झालं. ओल्या स्पंजावर नुसतं टेकवून घ्यायचं, पत्र्यावर फिरवायचं, आणि मग काही करायचं नाही. थांबायचं. हळूहळू त्याच्यावर श्वास सोडलेल्या काचेसारखं धुकं येतं. बोटानं पुसून पाहिलं आणि बोटाखाली रंग लख्ख निघाला, की वेळ झाली. ते थांबणं मला त्या सगळ्या कामात सर्वांत आवडलं. फाटकावर ऊन टेकलेलं, हातात कोरडं फडकं, आणि वीसेक मिनिटं दोन माणसांनी शेजारी बसून एका धुकट गाडीकडे बघत राहायचं. घरात अशी रिकामी वीस मिनिटं मला कधी कुणी दिली नव्हती, मीही घेतली नव्हती.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला चार दिवस उरले होते तेव्हा सुधीरनं गाडी उन्हात काढली. मी फडकं घेऊन बाजूला उभी राहिले. आबांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं पाहिलं. मग डावा झाकला आणि उजव्यानं पाहिलं. पुन्हा तसंच केलं. गाडीच्या दारात माझी भिंगासारखी फुगलेली आकृती दिसत होती, पांढऱ्या केसांसकट.

"डाव्या डोळ्यानं काय हिरवा दिसंना नीट," आबा म्हणाले. "डॉक्टरास्नी सांग, येतो म्हनावं."

डावा डोळाही झाला. फाल्गुन लागता लागता ऊन कडक झालं, हळद शिजवल्याचा उग्र वास वाऱ्यावर यायला लागला आणि मार्केट यार्डाकडून आलेली पिवळी धूळ बॉनेटवर बसायला लागली. एका रविवारी आबा म्हणाले, तासगावला जायचंय, म्हादूकडं. म्हादूनाना त्यांच्याबरोबर लष्करात होते. आता मुलाच्या बेदाण्याच्या शेडपाशी खाट टाकून बसतात. सुधीरनं गाडी काढली.

शेडमध्ये जाळ्यांवर हिरवी द्राक्षं वाळत होती, त्यांचा आंबूसगोड वास दारापर्यंत येत होता. नानांनी आमच्याकडे तोंड केलं, पण नजर आमच्या बाजूनं पलीकडे गेली. आबा खाटेवर बसले, दोन मिनिटं पीकपाण्याचं बोलले आणि मग सरळ म्हणाले, "म्हादू, तुजी दाढी एका अंगानं ऱ्हायलीया. सदऱ्याची बटनं खालीवर झाल्यात. तुला दिसत न्हाई गड्या. मिरजंला चल."

नानांचा मुलगा जागच्या जागी चुळबुळला. नाना तडकले, "मला सगळं दिसतंय! डोळ्यात सुई घालू देनार न्हाई म्या कुनाला."

"सुई न्हाई का काय न्हाई. म्या दोन्ही केलं. आज दाखवून तर येऊ."

"तुजं काय सांगतोस. तुजी ती गाडी नवी हाय म्हनून दर बारीला सांगत हुतास, आन् माजा पोरगा म्हनायचा पार विटलीया."

मुलानं मान खाली घातली. आबांना राग आला नाही. त्यांनी नानांचा हात धरून त्यांना उठवलं, शेडच्या बाहेर आणलं आणि त्यांचा तळवा बॉनेटवर ठेवला. "दिसत न्हाई तर ऱ्हाऊ दे. हात फिरव."

नानांनी हात फिरवला. द्राक्षांच्या कामानं चिरलेला, काळवंडलेला तळवा लोण्यावरून सरकावा तसा बॉनेटवरून काचेपर्यंत गेला. तो थांबला, परत आला, पुन्हा गेला. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"कुनी केलं रं हे?"

"सूनबाईनं. तिनंच पयलं खरं सांगितलं मला."

नानांनी दाराची मूठ चाचपडत शोधली, दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आतून म्हणाले, "चला तर मग. नुसतं दाखवायचं, बरं का."

सुधीरनं किल्ली फिरवली. मीही बसले. आबा मात्र खाली उभेच होते. बॉनेटवर नानांच्या हाताचा लांबलचक चिकट पट्टा उमटला होता. आबांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला, वाकले, फुंकर मारली, आणि सरळ रेषेत, न घाई करता, तो पट्टा पुसून काढला. मग येऊन नानांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हं. आता चल."